जीवदान, उपकार की गुंतवणूक?

६ ऑगस्ट १९९७. बॉस्टनला मॅकवर्ल्ड या ॲपलच्या मॅक संगणकांच्या मेळाव्यात ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सच्या मागच्या पडद्यावर मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सचा भलामोठा चेहरा उमटला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर घालणार होती. यावरच्या लेखात मी ‘मायक्रोसॉफ्टने ॲपलला जीवदान दिले’ असं लिहिलं. संपादकबाईंनी ‘जीवदान’भोवती लाल गोल काढलाय. दुसरा शब्द सुचवा.

—

बाईंचं बरोबर आहे. क्रिकेटच्या बातमीत जीवदान झेल सुटल्यावर मिळतं. क्षेत्ररक्षकाचा काही तसा इरादा नसतो, आणि त्याचं श्रेय त्याला कोणी देतही नाही. इथे तर ठरवून, कागद करून पैसे दिले. ‘उपकार’ही नको. बदल्यात मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर मॅकचा ठरीव ब्राउझर झाला आणि पेटंटची जुनी भांडणं मिटली. याला आमच्याकडे सौदा म्हणतात.

—

मग साधं ‘गुंतवणूक’ का नको? त्यातला ‘गुंत’ ऐका. दोरा गुंततो, जीव गुंततो. मायक्रोसॉफ्टने तीन वर्षं शेअर न विकण्याचं कबूल केलं होतं, म्हणजे पैसा खरोखरच गुंतला होता. फक्त ‘भागीदार’ लिहू नका. भागीदाराला बोलता येतं, आणि या शेअरना मताधिकार नव्हता. भागधारक, तोही मुका.

—

सौदा, गुंतवणूक सगळं मान्य, पण मायक्रोसॉफ्टचं श्रेय हातचं राखून देऊ नका. पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला, म्हणून ‘स्पर्धक जिवंत दिसावा एवढ्यासाठीच केलं’ असं बोलायची पद्धत आहे. हेतू काही का असेना, काम झालं ना?

—

काम नेमकं कोणतं झालं, ते पाहा. त्या वर्षी ॲपलचा तोटा १०० कोटी डॉलरच्या घरात होता. त्यापुढे १५ कोटी म्हणजे काही डोंगर नव्हे. खरी किंमत दुसऱ्या कलमाची: पाच वर्षं मॅकसाठी ‘ऑफिस’ (वर्ड, एक्सेल वगैरे) काढत राहू. वर्ड-एक्सेल नसलेला संगणक कचेरीत कोण घेणार? ते चालू राहणार म्हटल्यावर गिऱ्हाईक टिकलं, सॉफ्टवेअरवाले टिकले.

इंग्रजीत ‘क्रेडिट’ एकच. आपण कामाला श्रेय देतो, वहीत जमा करतो, वाण्याकडे उधारी ठेवतो, आणि बाजारात पत सांभाळतो. ॲपलला मिळाली ती ही शेवटची. आणि ती प्रतिस्पर्ध्याने दिली म्हणून जास्त चालली. मित्राची शिफारस कोण मोजतो?

—

वा! ‘मायक्रोसॉफ्टच्या शब्दाने बाजारात ॲपलची पत राहिली, आणि त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.’ हे पाठवून दिलं.

बाईंचं उत्तर आलं. आता लाल गोल ‘राहिली’वर आहे. पत राहिली की सावरली?

—

सावरली. राहायला आधी शाबूत असावी लागते.