निष्ठा नेमकी कोणाशी?

"ज्याने पदावर बसवलं त्याच्याशी निष्ठा नको का?" हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. नेमणूक एका व्यक्तीने केली, तरी शपथ घेतली जाते ती संविधानाची.

अमेरिकेत वॉटरगेटच्या वेळी (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचं प्रकरण), २० ऑक्टोबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, रिचर्डसन यांना या प्रकरणाचा तपास करणारे विशेष सरकारी वकील कॉक्स यांना काढून टाकायला सांगितलं. कॉक्स यांच्या तपासात ढवळाढवळ करणार नाही, असा शब्द रिचर्डसन यांनी सिनेटला दिला होता. त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख रकेल्सहाउस यांनीही नकार दिला. शेवटी तिसऱ्या क्रमांकावरच्या बोर्क यांनी तो हुकूम बजावला, हेही विसरता येत नाही. हुकूम पाळणारा कोणीतरी मिळतोच.

पण म्हणून पहिल्या दोघांचा नकार वाया गेला असं मी मानत नाही. लोक खवळले, नवा विशेष वकील नेमावा लागला आणि जुलै १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्सन यांना त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती सुपूर्द करण्याचा आदेश एकमताने दिला. त्या आठ न्यायाधीशांपैकी तिघे खुद्द निक्सन यांनीच नेमलेले होते.