इजिप्तमधील उत्खनन आणि रहस्यकथा : कोणती पुस्तके वाचावीत?

धागाकर्ता :
ॲगाथा ख्रिस्ती यांच्या बहुतेक कादंबऱ्या वाचून झाल्या आहेत. 'डेथ ऑन द नाईल' अतिशय आवडली होती, परंतु तिच्यात नाईल आणि देवळे भरपूर असली तरी प्रत्यक्ष उत्खनन जवळजवळ नाहीच. मला अशा ऐतिहासिक रहस्यकथा हव्या आहेत ज्यांत पुरातत्त्वज्ञ स्वतः तपास करतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२२मध्ये तुतनखामेनची कबर सापडेपर्यंतचा काळ येतो. शेवटी सगळे खापर शापावर फोडून मोकळ्या होणाऱ्या कथा नकोत. नववीत शिकणाऱ्या भाचीलाही देता येण्याजोगे काही असेल तर कृपया तसे सांगावे.

प्रतिसाद १ :
तुमचे वर्णन वाचताच एलिझाबेथ पीटर्स यांच्या अमेलिया पीबडी मालिकेचे नाव डोळ्यांसमोर आले. हे टोपणनाव असून लेखिकेचे खरे नाव बार्बरा मर्ट्झ. त्यांनी १९५२मध्ये शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली होती, त्यामुळे या कथांतले उत्खनन नुसते नेपथ्य राहत नाही. 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक' (१९७५) या पहिल्या भागात वारशाने पैसा मिळालेली, लग्नाच्या बाजारात नाव टाकलेली आणि त्याबद्दल जराही खंत नसलेली एक इंग्रज बाई इजिप्तला जाते, आणि अखेनातेन या फॅरोची राजधानी असलेल्या अमार्ना येथे इमर्सन बंधूंच्या छावणीत येऊन पोचते. रात्री छावणीभोवती एक ममी फिरू लागते. शापाची भीती घालणारा हा प्रकार नेमका कोणाच्या फायद्याचा आहे, याचा छडा मात्र पूर्णपणे तर्काने लागतो.

याच भागात रंगवलेल्या एका जमिनीचा प्रसंग आहे. रंग उडू नयेत म्हणून अमेलिया तिच्यावर टॅपिओकाची, म्हणजे आपल्या साबुदाण्यासारखी, पातळ खळ हाताने फासत बसते. ही लेखिकेची कल्पना नाही. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञांनी १८९१-९२च्या हंगामात अमार्नाच्या राजवाड्यातली रंगीत जमीन अशाच खळीने जपली होती. मूळ जमिनीची पुढे १९१२मध्ये नासधूस झाली, कारण ती पाहायला येणारे प्रवासी शेते तुडवत असल्याने एक शेतकरी संतापला होता. इमर्सन बंधूंपैकी रॅडक्लिफ या तापट पात्राचा खापराच्या तुकड्यांबद्दलचा आग्रहही थेट पेट्रींची आठवण करून देतो.

प्रतिसाद २ :
वरील शिफारशीशी सहमत आहे, परंतु एक गोष्ट आधीच सांगायला हवी. निवेदन अमेलियाच्या रोजनिशीतून येते, आणि तिला स्वतःच्या निदानाबद्दल कधी शंका येत नाही. ते पुष्कळदा साफ चुकते, हा मालिकेतला मुख्य विनोद आहे. तिची साम्राज्यशाहीच्या तोऱ्यातली काही वाक्ये याच नजरेने वाचावीत, अन्यथा ती खटकतील. मला स्वतःला सुरुवातीच्या भागांत इजिप्शियन माणसे फारच कडेला उभी वाटली. मुकादम अब्दुल्ला आणि त्याचे कुटुंब यांना पुढे मोठी जागा मिळते आणि तिथून मालिका खऱ्या अर्थाने भरते.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. हे भाग क्रमानेच वाचावे लागतात का?

प्रतिसाद २ :
पहिला भाग आधी वाचावाच. नंतरचे दोन-तीन वगळले तरी बिघडत नाही, मात्र अमेलियाचा मुलगा रामसेस मोठा होऊ लागला की क्रम पाळावा, कारण माणसांची नाती एका भागातून दुसऱ्यात वाहत जातात. एकंदर वीस भाग आहेत. शेवटचा, 'द पेंटेड क्वीन', लेखिकेच्या २०१३मधील निधनानंतर जोन हेस यांनी पूर्ण केला आणि तो २०१७मध्ये आला. 'ही शॅल थंडर इन द स्काय' (२०००) हा माझ्या मते सर्वांत कसदार भाग आहे. पहिल्या महायुद्धातले कैरो, सुएझ कालव्यावरचे तुर्की संकट आणि हेरगिरी यांमुळे त्यात उत्खनन थोडे मागे पडते, तरी तो चुकवू नये. भाचीला पहिला भाग निर्धास्तपणे द्यावा.

प्रतिसाद ३ :
ख्रिस्तींकडेच थोडे मागे वळून पाहावे, असे सुचवतो. 'द ॲडव्हेंचर ऑफ द इजिप्शियन टूम' ही ख्रिस्तींचा गुप्तहेर पॉयरो याची छोटी कथा १९२३मध्ये, म्हणजे तुतनखामेनच्या कबरीच्या उत्खननाचा खर्च उचलणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हन यांच्या मृत्यूनंतर शापाच्या बातम्यांना ऊत आला होता त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. कबर उघडल्यावर मृत्यू होऊ लागतात आणि वाळूला वैतागलेला पॉयरो तिथे जाऊन त्यांची तर्कसंगत उकल करतो. 'डेथ कम्स ॲज द एंड' (१९४४) मध्ये पुरातत्त्वज्ञ नाहीत, कारण ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थीब्जमध्ये घडते. परंतु ती सुचली उत्खननातूनच. १९२१-२२च्या हंगामात हर्बर्ट विनलॉक या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांना हेकानख्त नावाच्या प्राचीन इजिप्शियन गृहस्थाची पत्रे सापडली. घरातल्या प्रत्येकाला किती धान्य द्यायचे याचा हिशोब आणि घरचे आपल्या बाईशी नीट वागत नाहीत म्हणून त्यांची खरडपट्टी, असा त्यांतला मजकूर आहे. एकत्र कुटुंबातली भांडणे जवळून पाहिलेल्या वाचकाला खुनाचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रतिसाद ४ :
आर्थर फिलिप्स यांची 'द इजिप्टॉलॉजिस्ट' (२००४) १९२२च्या आसपासच घडते आणि पत्रे व रोजनिश्यांतून उलगडते. तुतनखामेनची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांच्या शेजारीच स्वतःची कबर शोधू पाहणारा तिचा निवेदक कितपत विश्वासार्ह आहे, हेच तिचे रहस्य आहे. ती भाचीसाठी मुळीच नाही.

या कथा हाती घेण्यापूर्वी तेव्हाची वाटणीची पद्धत मात्र समजून घ्यावी. सापडलेल्या वस्तूंपैकी कैरोच्या संग्रहालयासाठी निवड झाल्यावर उरलेल्यांतला हिस्सा उत्खनन करणाऱ्याला मिळत असे, त्यामुळे नोंद होण्याआधी एखादी वस्तू गायब करण्यात अनेकांचा स्वार्थ असे. चोरबाजाराचे खरे उदाहरण हवे असल्यास लक्झरजवळच्या देर अल-बाहरीचे प्रकरण वाचावे. कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल बंधूंनी एका गुप्त कबरीतल्या वस्तू कित्येक वर्षे थोड्याथोड्या विकल्या. त्या बाजारात दिसू लागल्यावर इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गॅस्तों मास्पेरो यांनी माग काढला, भावांत फूट पडली आणि जुलै १८८१मध्ये त्यांचे सहकारी एमिल ब्रुग्श त्या कबरीत उतरले, तेव्हा आत दुसरा रामसेस आणि पहिला सेती यांच्यासह चाळीसहून अधिक ममी होत्या. अमेलियाची पहिली सफर याच्या तीनच वर्षांनंतरची आहे, तेव्हा हे प्रकरण आधी वाचून मग तिच्याकडे वळावे.