दुकानातून घरी जाताना बाळगायला .३२ बोअर: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, आणि खटक्याची सेफ्टी आवश्यक आहे का?

दालबाजार, ग्वाल्हेर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. दालबाजारात आमचे धान्याचे ठोक दुकान आहे. दुकान वाढवल्यावर रोकड घेऊन रात्री स्कूटरने थाटीपूरला घरी जाण्याची जबाबदारी वडिलांनंतर माझ्यावर आली आहे. शस्त्र परवाना नुकताच मंजूर झाला असून त्यावर .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) एक शस्त्र घ्यायचे आहे. रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, इथेच माझे अडले आहे.

खरा पेच सेफ्टीच्या खटक्याचा, म्हणजे चढवला की गोळी सुटू न देणाऱ्या बाहेरच्या छोट्या दांडीचा आहे. एका मित्राचे म्हणणे असे, की जिवावर बेतलेल्या क्षणी अंगठ्याने खटका खाली करायचे कोणाच्याही लक्षात राहत नाही, म्हणून खटका नसलेलेच शस्त्र घ्यावे. माझे मेव्हणे याच्या अगदी उलट सांगतात: घरात नऊ वर्षांचा मुलगा असताना खटक्याशिवायचे शस्त्र उंबरठ्याच्या आत आणूच नये. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांचेही मला पटते, म्हणून ज्यांनी ही शस्त्रे प्रत्यक्ष हाताळली आहेत त्यांचे मत हवे आहे.

निवृत्त आर्मोरर, थाटीपूर

आपण इंटरनेटवर या विषयावर जे वाचले असेल, त्यातील बहुतेक वाद अमेरिकेतला आहे आणि तो ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांबद्दल आहे. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ निवडले, तेव्हापासून बाहेरचा खटका नसलेल्या पिस्तुलांचे युग सुरू झाले. त्या पिस्तुलात चापातच एक छोटी पट्टी असते, शिवाय आतमध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) अडवणारी आणि पडल्यावर गोळी सुटू न देणारी अशा आणखी दोन व्यवस्था असतात. २०१७ साली अमेरिकन सैन्याने सिग पी ३२० निवडले, ते मात्र बाहेरचा खटका बसवूनच. म्हणजे तिथेही एकमत नाही. पण आपल्याकडे ९ मिलिमीटर पॅराबेलम हे प्रतिबंधित बोअर आहे आणि सर्वसाधारण नागरिकाच्या परवान्यावर ते मिळत नाही. तेथील निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या .३२ ला लावला तर घात होऊ शकतो, कारण आपल्या हातात येणारी यंत्रणा निराळी असते.

रिव्हॉल्व्हरपासून सुरुवात करतो. कानपूरचे निर्भीक २०१४ साली आले, वजन सुमारे ५०० ग्रॅम. २०२३ साली आलेल्या प्रबलचे काडतुसे भरायचे फिरते सिलिंडर बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटरची आणि वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. या प्रकारच्या शस्त्रात घोडा (चाप ओढल्यावर पुढे आपटून गोळी उडवणारा मागचा भाग) खाली असताना चाप ओढायला बोटाने भरपूर जोर लावावा लागतो आणि ओढ लांब असते. ही लांब, जड ओढ हीच त्याची सेफ्टी. ती विसरता येत नाही, आणि घाईत ‘काढायची’ही राहत नाही. मात्र अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला की तोच चाप अगदी हलका होतो, आणि थरथरत्या हाताने तो घोडा पुन्हा अलगद खाली आणणे हे रिव्हॉल्व्हरमधले सर्वांत धोक्याचे काम आहे. म्हणून स्वसंरक्षणासाठी बाळगणाऱ्याने घोडा हाताने चढवण्याची सवय स्वतःला लावूच नये. जुने विलायती रिव्हॉल्व्हर कोणी देऊ केले, तर घोडा आणि काडतुसाच्या मध्ये येणारा अडसर त्यात आहे की नाही हे आर्मोररकडून, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तपासून घ्यावे. अडसर नसेल तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवूनच ते बाळगावे.

आता पिस्तूल. आपल्या बाजारात अशनीसारखी देशी .३२ पिस्तुले आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत आलेली जुनी विलायती आहेत: कोल्ट १९०३, ब्राउनिंग १९१०, वॉल्थर पीपी. यांतील कोल्ट आणि ब्राउनिंग सिंगल अॅक्शन आहेत. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढली की आतली यंत्रणा पूर्ण ताणलेली राहते आणि चाप हलका असतो. अशा पिस्तुलात चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, गोळी असेल तर खटका चढवलेला असणे अपरिहार्य आहे, तिथे आपल्या मित्राचे मत मी मुळीच मान्य करणार नाही. पण मेव्हण्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या पिस्तुलांतला खटका बहुधा चापाची साखळी अडवतो, फायरिंग पिन नव्हे. खटका चढवलेले पिस्तूल फरशीवर आपटले तर गोळी सुटणार नाही, अशी खात्री तो देत नाही. झिजलेल्या सिअरचे (ताणलेली यंत्रणा अडवून धरणारा आतला तुकडा) जुने पिस्तूल तर केवळ खटक्याच्या भरवशावर कमरेला लावणे मला कधीच मान्य होणार नाही.

स्कूटरचा प्रवास, कमरेला लावलेले शस्त्र आणि नवखा हात हे सगळे पाहता माझा सल्ला रिव्हॉल्व्हरचाच आहे.

नेमबाजी प्रशिक्षिका, मुरार

आर्मोरर काकांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी खटक्याच्या बाजूने दोन गोष्टी मांडल्याच पाहिजेत असे वाटते.

एक म्हणजे, शस्त्र बाळगणाऱ्यांच्या हातून नकळत गोळी सुटते ती अनेकदा शस्त्र काढताना नव्हे, तर पुन्हा होल्स्टरमध्ये ठेवताना. सदऱ्याचे टोक किंवा होल्स्टरची सैल झालेली वादी चापाच्या कडीत शिरते, वरून हाताचा दाब पडतो, आणि नळी त्या वेळी स्वतःच्याच मांडीकडे असते. खटका चढवून शस्त्र ठेवले तर हा अपघात टळतो. दुसरे, झटापटीत शस्त्र हिसकावले गेलेच, तर ते न ओळखणाऱ्याला खटका शोधावा लागतो, आणि तेवढा वेळ मोलाचा असतो. भर रस्त्यात पिशवी ओढण्याचे प्रकार होतात त्या शहरात हा विचार दुय्यम मानता येणार नाही.

पण खटका उपयोगी पडण्यासाठी तो हाताच्या हालचालीचा भाग व्हावा लागतो, आणि तिथे एक बारकावा आहे जो विक्रेते क्वचितच सांगतात. कोल्टचा खटका खाली दाबला की शस्त्र चालण्यास तयार होते, तर वॉल्थर पीपीचा स्लाइडवरचा खटका वर केला की तयार होते. वॉल्थरचा खटका खाली केल्यावर घोडाही सुरक्षितपणे खाली उतरतो, हा त्याचा मोठा गुण आहे, शिवाय त्याची पहिली गोळी रिव्हॉल्व्हरसारखी लांब ओढीने सुटते. एका शस्त्रावर सराव करून दुसरे बाळगणाऱ्याचा अंगठा नेमक्या वेळी उलट दिशेला जातो. म्हणून जे घ्याल त्याच्यावरच सराव करा: शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबरमध्ये सरावाची नकली काडतुसे घालून. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, त्यामुळे खरा सराव कमी आणि गोळी न झाडता केलेला कोरडा सराव जास्त असेच प्रमाण ठेवावे लागते.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र खटका नाही. नऊ वर्षांचे मूल खटका काही क्षणांत हाताळून पाहते, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी मिळून रिव्हॉल्व्हरची जड ओढही ओढू शकते. घरात पाऊल टाकताच शस्त्र रिकामे करून कुलुपाच्या लोखंडी पेटीत ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलुपात, आणि किल्ली कपाटावर नव्हे, स्वतःच्या अंगावर. मेव्हण्यांची काळजी रास्त आहे, फक्त तिचा इलाज पेटीत आहे.

वकील, इंदूर

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण शस्त्राची निवड तिच्याशी जोडलेली आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. स्कूटरच्या डिकीत किंवा हँडलला अडकवलेल्या रोकडीच्या पिशवीत ठेवून ताबा राहत नाही. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ५ वर्षे झाली आणि एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या ३ वरून २ वर आली. त्याच दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा समारंभात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालण्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. आमच्या माळव्यात आणि आपल्या ग्वाल्हेर-चंबळमध्येही वरातीत बंदूक चालवणे पुष्कळांना अजून मानाचे वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

होल्स्टरमध्ये ठेवताना नकळत सुटलेली गोळी बाजूच्या माणसाला लागली, तर ‘खटका चढवलेला होता असे वाटले’ हा बचाव टिकवणे फार कठीण जाते. ज्या शस्त्राची स्थिती पाहताक्षणी किंवा स्पर्शाने ओळखता येते, ते नवख्या माणसाने घ्यावे, हे माझे व्यावसायिक मत आहे. परवान्याची हद्दही बघून घ्या. आपला व्यवसाय राजस्थान किंवा उत्तर प्रदेशापर्यंत जात असेल आणि परवाना केवळ राज्यापुरता असेल, तर धौलपूरची सीमा ओलांडणे हाच गुन्हा ठरेल.

दालबाजार, ग्वाल्हेर

सर्वांचे मनापासून आभार. पेटीची व्यवस्था शस्त्र घरी येण्यापूर्वीच करणार आहे आणि मेव्हण्यांनाही ते मान्य आहे. दोन शंका उरल्या आहेत. पिस्तूल घेऊन चेंबर रिकामे ठेवले, तर खटक्याचा प्रश्नच निकालात निघत नाही का? आणि एका ओळखीच्यांकडे पिस्तुलाची .३२ काडतुसे शिल्लक आहेत, ती रिव्हॉल्व्हरमध्ये चालतील का?

निवृत्त आर्मोरर, थाटीपूर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक महागात पडते. ती काडतुसे घेऊच नयेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, पिस्तुलाचे .३२ एसीपी. बोअरचा आकडा एकच असला तरी ती दोन निराळी काडतुसे आहेत. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये सरकून बसते, आणि बसते म्हणून लोक ते चालवतात, पण ते शस्त्र त्या काडतुसासाठी बनलेले नसते. शिवाय दुसऱ्याच्या परवान्यावर घेतलेली काडतुसे आपल्याजवळ ठेवणे हाच गुन्हा आहे. आपल्या परवान्यावर, परवानाधारक दुकानातून, डब्यावरचे पूर्ण नाव वाचून आणि नोंद करूनच घ्या.

रिकाम्या चेंबरबद्दल: पिस्तूल पडण्याचा आणि होल्स्टरमधला धोका त्याने जवळजवळ संपतो, हे खरे आहे. परंतु स्लाइड ओढायला दोन हात लागतात. रात्री दालबाजाराच्या गल्लीत आपला एक हात स्कूटरच्या हँडलवर किंवा पिशवीवर असेल, आणि हल्लेखोर हातभर अंतरावर असेल. ज्याचा एक हात नेहमी अडकलेला असतो, त्याच्यासाठी ही पद्धत मला योग्य वाटत नाही. रिव्हॉल्व्हर एका हाताने निघते आणि एकाच हाताने चालते.

शस्त्र घेताना चापाची कडी संपूर्ण झाकणारे, कडक चामड्याचे होल्स्टर त्याच मापाचे शिवून घ्या. तयार मिळणारी मऊ कापडी होल्स्टरे बसल्यावर दबतात आणि चापापर्यंत दाब पोहोचतो. स्कूटरवर बसून, रिकाम्या शस्त्रासह, नळी कुठे वळते ते एकदा पाहून घ्या आणि मगच कमरेवरची जागा ठरवा. पोटासमोर लावू नका. उजव्या कुशीला थोडे मागे लावले, तर हँडल वळवतानाही शस्त्र हलत नाही आणि सदऱ्याखाली झाकलेले राहते.