घानाच्या इतिहासातील ‘दरबार’ : मराठीत काय लिहावे?

अशांटी प्रदेशातील, म्हणजे आजच्या घानातील, पारंपरिक प्रमुखांच्या समारंभाला तिकडच्या इंग्रजीत सर्रास ‘दरबार’ म्हणतात; मराठीत लिहिताना तोच शब्द ठेवावा की ‘सभा’ किंवा ‘मेळावा’ म्हणावे, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी एकच नाही.

शब्द मूळचा फारसी, आणि आपल्याकडे तो सुलतानशाह्यांच्या काळापासून रुळलेला आहे. ब्रिटिशांनी तो हिंदुस्थानात उचलला, 1877 मध्ये दिल्लीला त्याचा थाटमाट केला, आणि पुढे त्यांच्याबरोबर तो पश्चिम आफ्रिकेत पोहोचला. घानात सणाच्या सांगतेला आजही ‘ग्रँड दरबार’ भरतो. परंतु ‘दरबार’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सिंहासन, मानकरी आणि मुजरे असलेला महाल येतो. तिकडे बैठक उघड्या मैदानावर असते. प्रमुख मोठमोठ्या रंगीत छत्र्यांखाली अर्धवर्तुळात बसतात, फोंटोमफ्रोम नावाचे भारदस्त ढोल वाजत असतात आणि राजाशी बोलणे त्याच्या ‘ओक्येआमे’मार्फत, म्हणजे राजदंड धारण करणाऱ्या प्रवक्त्यामार्फत होते.

म्हणून अशांटींची राजधानी कुमासी इथे दर 42 दिवसांनी पूर्वजांच्या आसनांना मान देण्यासाठी जो दिवस पाळतात, त्याला ‘अक्वासिडाए’ हेच नाव द्यावे. ब्रिटिश गव्हर्नरापुढे प्रमुखांना हजर करणाऱ्या सरकारी समारंभाला मात्र ‘दरबार’ शोभतो, कारण कल्पना आणि शब्द दोन्ही साम्राज्याचेच होते. 28 मार्च 1900 रोजी गव्हर्नर हॉजसन यांनी कुमासीत प्रमुखांना बोलावून सुवर्णासनाची, आणि तेही स्वतःला बसण्यासाठी, मागणी केली. ज्या आसनात साऱ्या अशांटी लोकांचा आत्मा वसतो अशी श्रद्धा आहे आणि ज्यावर खुद्द त्यांचा राजाही बसत नाही, त्याची ही मागणी ऐकून प्रमुख निघून गेले आणि राणीमाता याआ आसांतेवा यांच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. तिथे कोणी ‘सभा भरली’ असे लिहिले, तर प्रसंगातील अधिकाराची भाषाच निसटते.

घानाच्या इतिहासात कोकोही येतो; त्याच्या संदर्भात शब्दांची अडचण निराळी आहे, आणि तिथे मराठी शेतीची भाषा उत्तम उपयोगी पडते. 1903 मध्ये रेल्वे कुमासीपर्यंत आली, 1911 मध्ये गोल्ड कोस्ट (ब्रिटिश अमदानीतील घाना) जगातील सर्वांत मोठा कोको-उत्पादक झाला, आणि हे उत्पन्न मळेवाल्या कंपन्यांचे नव्हे, तर लहान शेतकऱ्यांचे होते. त्यामुळे ‘मळा’ न म्हणता ‘कोकोची शेती’ किंवा ‘बाग’ म्हणणे बरे. शेंगा फोडून गराळ बिया केळीच्या पानांत सुमारे सहा दिवस आंबवायच्या आणि मग चटयांवर उन्हात वाळवायच्या, हे सारे काम घरचे लोक किंवा वाटेकरी करीत. वाटणीच्या ‘अबुनु’ पद्धतीला ‘अर्धेल’ आणि ‘अबुसा’ला ‘तिर्धेल’ हे कोकणातले शब्द नेमके बसतात. मात्र ‘अबुसा’त तिसरा हिस्सा कधी राबणाऱ्याला, तर कधी जमिनीच्या धन्याला मिळे, तेव्हा तो कोणाचा हे वाक्यात स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

1937-38 मध्ये युरोपीय खरेदीदारांनी आपसांत करार करून स्पर्धा टाळली, तेव्हा शेतकऱ्यांनी कोको विकणे बंद केले आणि परदेशी मालावरही बहिष्कार घातला. याला ‘संप’ म्हणणे चुकीचे ठरेल, कारण शेतकऱ्यांनी मजुरी थांबवली नव्हती; ‘विक्रीबंदी’ म्हणावे. ती पाळावी म्हणून प्रमुखांनी घंटा बडवून हुकूम फिरवले, आणि त्यासाठी तर आपल्याकडे ‘दवंडी पिटवणे’ आहेच.