सिडनीत फुटबॉल रग्बी लीगला मागे टाकील का?

वेस्टमीडकर (प्रश्न):

नमस्कार मंडळी,

आम्ही सिडनीच्या पश्चिम भागात, वेस्टमीडला राहतो. हिवाळ्यात शनिवारी सकाळी आमच्याकडच्या कोणत्याही मैदानावर गेले, तर लहान मुलांचे फुटबॉलचे सामने एकामागून एक चाललेले दिसतात. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी वाटल्या जातात, एखादे वडील शिट्टी घेऊन पंचाचे काम करतात आणि कडेला आपल्यासारख्या घरांतले पालक मोठ्या संख्येने उभे असतात. शेजारच्या मैदानात रग्बी लीगचे उंच खांब असले, तरी तिथे मुले त्यामानाने कमी असतात. असे असूनही सोमवारी शाळेत आणि कार्यालयात बोलणे होते ते रग्बी लीगचेच. परामॅटा ईल्स का हरले, पेन्रिथचा कोण जायबंदी झाला, स्टेट ऑफ ओरिजिनसाठी (न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या राज्यांमधील रग्बी लीगच्या लढतींसाठी) कोणाची निवड होणार, याच गप्पा चालतात. वेस्टर्न सिडनी वॉन्डरर्स या फुटबॉल क्लबाचे मैदान आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्यांचे नाव क्वचितच कानी पडते.

इतकी मुले फुटबॉल खेळत असतील, तर आणखी पंधरावीस वर्षांत हे शहर फुटबॉलचे होईल, असे समजायचे का? की या देशात खेळणे एका खेळाचे आणि निष्ठा दुसऱ्या खेळाची, असेच चालायचे? विचारण्यामागे घरचेही कारण आहे. आमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. वर्गमित्र त्याला लीगकडे ओढत आहेत, त्याच्या आईला डोक्याच्या दुखापतींची धास्ती वाटते आणि दोन्ही खेळांचे सामने एकाच हंगामात, एकाच दिवशी येतात. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुना सिडनीकर:

वेस्टमीडकर, खेळ किती लोक खेळतात आणि एखाद्या क्लबासाठी किती लोक दर आठवड्याला जीव टाकतात, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागला आहे. ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खेळला जाणारा सांघिक खेळ फुटबॉलच आहे आणि तो खेळणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र, निदान सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये, तो अजून रग्बी लीगच्या आसपासही पोचलेला नाही.

याचे मूळ शोधायला बरेच मागे जावे लागते. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब जुन्या रग्बीपासून फुटले, ते सामन्यापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला मिळावी या मागणीवरून. सिडनीतही जखमी खेळाडूंचा दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा, हा वाद पेटला. त्यातून १९०७ मध्ये रग्बी लीगची वेगळी संघटना उभी राहिली आणि १९०८ मध्ये पहिली स्पर्धा झाली. बालमेन, न्यूटाउन, ग्लीब, साउथ सिडनी ही त्या क्लबांची नावे म्हणजे त्या काळच्या कामगारवस्त्यांचीच नावे होत. आजही राष्ट्रीय रग्बी लीगच्या १७ संघांपैकी ९ संघ सिडनीचे आहेत (त्यांपैकी सेंट जॉर्ज इलावारा हा वोलोंगाँगशी वाटून घेतलेला), तर ए-लीगमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या व्यावसायिक राष्ट्रीय स्पर्धेत, सिडनीचे पुरुष संघ अवघे तीन. इथल्या माणसाला क्लब निवडावा लागत नाही. ज्या उपनगरात तो वाढतो, तिथला क्लब आपोआप त्याचा होतो.

ही निष्ठा किती खोल असते, याचे उदाहरण साउथ सिडनीचे आहे. संघांची संख्या कमी करण्याच्या धोरणात १९९९ च्या हंगामानंतर या क्लबाला स्पर्धेतून वगळण्यात आले. तेव्हा हजारो माणसे लाल-हिरवे कपडे घालून सिडनीच्या रस्त्यांवर उतरली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये क्लब परत आला. २०१४ मध्ये त्याने विजेतेपद मिळवले, तेही ४३ वर्षांनंतर. अशी आठवण ज्या घरात आजोबांपासून सांगितली जाते, त्या घरातील मूल शनिवारी फुटबॉल खेळले, तरी रविवारी कोणाचा सामना पाहील हे उघड आहे.

पैशाचाही भाग आहेच. न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून क्लबांना जुगाराची यंत्रे ठेवण्याची कायदेशीर मुभा मिळाली आणि रग्बी लीगच्या क्लबांच्या मोठमोठ्या इमारती, भोजनगृहे आणि संघांचे खर्च त्या उत्पन्नावर उभे राहिले. मला स्वतःला हा पाया अतिशय चुकीचा वाटतो, कारण तो पैसा त्याच गरीब वस्त्यांमधून येतो. पण तो आहे, हे नाकारता येणार नाही.

ज्याची चर्चा फारशी होत नाही, अशी एक अडचण फुटबॉलने स्वतःच ओढवून घेतली आहे. मुले फुटबॉल खेळतात ते एप्रिल ते ऑगस्ट या काळात, पण व्यावसायिक स्पर्धा चालते ऑक्टोबर ते मे या काळात. रग्बी लीग आणि ऑस्ट्रेलियन रूल्स (फुटबॉलचा खास ऑस्ट्रेलियन प्रकार) यांच्याशी मैदानांसाठी व दूरचित्रवाणीसाठी टक्कर नको, म्हणून १९८९ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा उन्हाळ्यात नेण्यात आली आणि ती तिथेच राहिली. त्यामुळे सकाळी स्वतः खेळून आलेले मूल संध्याकाळी आपल्या शहरातील मोठ्या संघाचा सामना पाहायला गेले, असे ऐन हंगामात घडतच नाही. त्याचे बूट माळ्यावर गेले की वॉन्डरर्सचा हंगाम सुरू होतो, आणि तोवर घरात क्रिकेटची बॅट बाहेर आलेली असते. लीग खेळणाऱ्या मुलाचे तसे नाही. तो सकाळी स्वतः टॅकल होतो, म्हणजे प्रतिस्पर्धी त्याला धरून पाडतात, मग उठून चेंडू जमिनीवर ठेवतो, टाचेने मागे सारतो आणि रात्री तीच कृती पेन्रिथच्या खेळाडूला करताना पाहतो.

ब्रिस्बेनवासी:

वरील विवेचन बहुतांशी पटले, परंतु ए-लीगच्या रिकाम्या खुर्च्या मोजून फुटबॉलची लोकप्रियता ठरवणे मला योग्य वाटत नाही. इथले असंख्य फुटबॉलप्रेमी रात्री जागून किंवा पहाटे उठून इंग्लंडमधील सामने पाहतात आणि स्थानिक संघाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचे प्रेम खरेच आहे, फक्त ते परदेशी क्लबांच्या खात्यात जमा होते. रग्बी लीगपुढे हा प्रश्नच नाही, कारण त्या खेळातील जगातली सर्वोत्तम स्पर्धा ऑस्ट्रेलियातच भरते. इथला उत्तम फुटबॉलपटू मात्र विशीच्या आत युरोपला जातो. ॲडलेडचा नेस्टरी इरानकुंडा २०२४ मध्ये थेट बायर्न म्युनिककडे गेला. क्लबाला त्याचे पैसे मिळाले, पण ज्याच्यासाठी मुलांनी तिकीट काढले असते तो खेळाडू राहिला नाही.

क्वीन्सलंडमध्ये तर स्टेट ऑफ ओरिजिनपुढे काहीच टिकत नाही. १९८० मध्ये ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर तो पहिला सामना झाला तेव्हा सिडनीच्या क्लबांनी पैशाच्या जोरावर नेलेले आमचे खेळाडू एका रात्रीपुरते घरच्या बाजूने उभे राहिले, आणि त्या रात्रीपासून ही चुरस साऱ्या राज्याची झाली. फुटबॉलकडे दोन राज्यांमधील असे वैर नाही.

वेस्टमीडकर:

दोघांचेही आभार. हंगामाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. एक शंका उरते. क्लबाची ओढ परिसरातून येते असे म्हटले, तर फुटबॉललाही तशी मुळे रुजवायला इतकी वर्षे मिळाली होती. ती का रुजली नाहीत?

कोल्हापुरी:

ती रुजली होती, आणि नंतर ती उपटण्यात आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला, की माणसे खेळाच्या दर्जाचा हिशेब करून येत नाहीत. आपली तालीम उतरली आहे म्हणून येतात. सिडनीत आल्यावर मला तोच जिव्हाळा रग्बी लीगच्या मैदानावर दिसला, त्यामुळे फुटबॉल या खेळातच काही उणीव आहे, असे मी कधीच मानणार नाही. फरक पेठेचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, हंगेरी या देशांमधून जे लोक इथे कामाला आले, त्यांनी आपापले फुटबॉल क्लब उभे केले. पश्चिम सिडनीतील मार्कोनी हा इटालियन लोकांचा, सिडनी युनायटेड हा क्रोएशियन लोकांचा, सेंट जॉर्ज हा हंगेरियन लोकांचा, मेलबर्नमधील साउथ मेलबर्न हा ग्रीकांचा. लग्ने, नामकरणे, पत्त्यांचे डाव आणि मुलांचे सराव सारे त्याच आवारात होत असे. १९७७ मध्ये या क्लबांना घेऊन राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा रग्बी लीगलासुद्धा अशी देशव्यापी स्पर्धा जमलेली नव्हती. पण बाहेरच्या समाजाने हा ‘परक्यांचा खेळ’ ठरवला. प्रेक्षकांमध्ये काही प्रसंगी मारामाऱ्या झाल्या हे खरे आहे. तथापि त्यावरचा उपाय म्हणून १९९० च्या दशकात क्लबांना आपल्या मूळ देशांची नावे आणि चिन्हे काढून टाकायला लावली, आणि अखेर २००४ मध्ये ती स्पर्धाच बंद झाली. २००५ मध्ये ए-लीग सुरू करताना एका शहराला एकच संघ, असे सूत्र ठेवण्यात आले. मार्कोनीच्या आवारात तीन पिढ्या वाढलेल्या कुटुंबाला सांगण्यात आले, की यापुढे तुमचा संघ सिडनी एफसी. निष्ठा अशी बदली करून पाठवता येत नाही.

नव्या स्पर्धेने काहीच साधले नाही, असे मी म्हणणार नाही. १६ नोव्हेंबर २००५ च्या रात्री जॉन अलोइसीच्या पेनल्टीने उरुग्वेला हरवून ऑस्ट्रेलिया ३२ वर्षांनी विश्वचषकाला पात्र ठरला, आणि तेव्हा आलेला उत्साह नव्या क्लबांनाही मिळाला. २०१२ मध्ये वॉन्डरर्स स्थापन झाला तेव्हा तर नाव आणि रंग ठरवण्यासाठी पश्चिम सिडनीतील लोकांच्या सभा घेण्यात आल्या. परिणाम बघा: पहिल्याच मोसमात संघ साखळीत अव्वल आला, आणि २०१४ मध्ये आशियातील क्लबांचे विजेतेपद त्याने सौदी अरेबियाच्या अल हिलालला हरवून मिळवले. परामॅटाच्या जुन्या मैदानावर एका गोलमागून निघालेली हाक दुसऱ्या टोकाहून परत यायची. मग नवे मैदान बांधण्यासाठी ते मैदान पाडले, संघाला काही मोसम होमबुशला खेळावे लागले आणि गर्दी पांगली. २०१९ मध्ये मैदान तयार झाले, पण पांगलेले लोक पूर्वीच्या संख्येने परतले नाहीत.

त्यावर कडी म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये ए-लीगच्या चालकांनी अंतिम सामन्याचे यजमानपद तीन वर्षांसाठी सिडनीला विकले. ज्या क्लबाने मोसमभर झगडून घरच्या मैदानावर अंतिम सामना खेळण्याचा हक्क मिळवायचा, त्याचा तो हक्कच गेला. देशभरातील समर्थकांनी सामन्यांवर पाठ फिरवली, मेलबर्नमध्ये प्रेक्षक मैदानात घुसले, गोलरक्षक जखमी झाला, आणि पुढच्या वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या खेळाचे चालक आपल्या सर्वांत निष्ठावान माणसांना असे वागवतात, त्याला रग्बी लीगशी स्पर्धा करण्याआधी स्वतःचे घर सावरावे लागेल. २०२५ मध्ये मार्कोनी, साउथ मेलबर्न यांसारख्या जुन्या क्लबांना पुन्हा राष्ट्रीय पातळीवर आणणारी स्पर्धा सुरू झाली, ही मला गेल्या वीस वर्षांतील सर्वांत चांगली बातमी वाटते.

मैदानावरची आई:

आतापर्यंतची सगळी चर्चा पुरुषांच्या खेळाभोवती फिरली, म्हणून लिहिते आहे. १६ ऑगस्ट २०२३ रोजी महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या मटिल्डाज (महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ) इंग्लंडशी खेळल्या, तेव्हा सिडनीच्या ऑलिंपिक मैदानात ७५,७८४ प्रेक्षक होते आणि दूरचित्रवाणीवर सरासरी ७१ लाखांहून अधिक लोक तो सामना पाहत होते. ओरिजिनच्या कोणत्याही सामन्याला दूरचित्रवाणीवर आजवर इतके प्रेक्षक लाभलेले नाहीत. सामना ३-१ असा गमावला, पण सॅम कर हिने दुरून मारलेला तो गोल आमच्या क्लबातील प्रत्येक मुलीला पाठ आहे. फुटबॉलची खरी वाढ मुलींमध्ये आहे, आणि तिथे रग्बी लीग मागून येते आहे; त्यांची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा २०१८ मध्ये सुरू झाली. मार्च २०२६ च्या महिला आशिया चषकासाठी ऑस्ट्रेलिया यजमान ठरला आणि भारताच्या मुली पात्रता फेरी जिंकून त्यासाठी पात्र ठरल्या, याचा मला किती आनंद झाला हे सांगता येणार नाही. अडचण इतकीच, की मुलींसाठी वेगळी कपडे बदलण्याची खोली नसलेली मैदाने अजूनही पुष्कळ आहेत.

आता वेस्टमीडकर, तुमच्या मुलाविषयी. त्याच्या आईची धास्ती अनाठायी नाही. सतत बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा विकार माजी लीग खेळाडूंच्या मेंदूंत आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये वारलेले प्रशिक्षक पॉल ग्रीन यांच्याही बाबतीत तेच निष्पन्न झाले. शिवाय दहाबारा वर्षांच्या गटात मुलांच्या अंगकाठीत फार तफावत असते, आणि आपली मुले बहुधा किरकोळ असतात. फुटबॉलही निर्धोक नाही, गुडघ्याच्या दुखापती तिथे मुबलक होतात. तरी त्या डोक्याच्या दुखापतींइतक्या भीतिदायक नाहीत. फुटबॉलच्या बाजूने खर्चाची तक्रार मात्र नोंदवते. शनिवारचा साधा क्लब परवडतो, पण मूल चमकू लागले आणि वरच्या निवड संघात गेले, की वर्षाची फी दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. गरीब घरातील गुणी मुले तिथेच गळतात आणि लीगचा क्लब त्यांना आनंदाने सामावून घेतो.

मुलाला मित्रांपासून तोडू नका, एवढे आवर्जून सांगते. हिवाळ्यात शनिवारी फुटबॉल खेळू द्या, आणि उन्हाळ्यात आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी ओझटॅगला घाला. त्यात लीगसारखीच चाल असते, पण अंगावर झेप घेण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात. हंगामाआधी शाळेच्या सूचनापत्रात नोंदणीच्या तारखा बहुधा येतात, आणि मित्रांच्या पालकांनाही विचारा. दोघातिघांनी एकत्र नाव घातले, तर मुलांना एकाच संघात ठेवतात.