जुनं घर दुरुस्त करतोय: ओल आधी की भिंत पाडणं आधी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघांनी एक जुनं बैठं घर घेतलं आहे. जाड भिंती, वर माळा, उंच छत आणि दारं अशी भक्कम की बंद करताना खांदा लावावा लागतो. काम निघणार हे ठाऊक होतं, त्यासाठी पैसे बाजूला काढूनच व्यवहार केला. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कोणतं काम आधी काढायचं यावर आमचं दोघांचं एकमत होत नाहीये, आणि बघायला येणारा प्रत्येक कारागीर तिसरंच काहीतरी सांगून जातो.

मागच्या खोलीची बाहेरच्या बाजूची भिंत ओली आहे. जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत. रंगाला फुगे आलेत, फुगा नखाने दाबला की आतून पीठ सांडतं, आणि ओलीच्या वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची लव फुटलेली दिसते. झाडली तरी काही दिवसांनी पुन्हा हजर. आधीच्या मालकांनी कधीतरी आतून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारलाय. तळहाताएवढा तुकडा छिन्नीने उडवून पाहिला. सिमेंटचा थर बोटभर जाड आणि चांगला टणक. पण त्यामागचा मूळ चुन्याचा गिलावा भुसभुशीत, बोटाने उकरला तर ओली वाळू होऊन खाली ओघळला. विटा शाबूत वाटतात. बाहेर त्या भिंतीला लागून कोणीतरी फरशी घातली आहे आणि ती घरातल्या जमिनीपेक्षा चार बोटं वरच आहे. छताच्या पन्हळीचा पाइपही नेमका त्याच कोपऱ्यात उतरतो.

एक मिस्त्री म्हणाले, सगळं खरवडून वॉटरप्रूफिंग मारतो, वर परत सिमेंटचा गिलावा, मग बघायलाच नको. दुसरे म्हणाले, भिंतीत ओळीने भोकं पाडून रसायन भरावं लागेल. तिसऱ्यांनी भिंतीसमोर जिप्सम बोर्ड उभे करा, म्हणजे ओल दिसणारच नाही, असा उपाय सुचवला. (यांचा नंबर मी ठेवलेला नाही.)

दुसरा मुद्दा स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीचा. नवऱ्याला ती पाडायची आहे. त्याचं म्हणणं, ओलीचा निकाल लागायला वेळ लागणारच आहे, तोवर धूळ-राड्याचं काम उरकून घेऊ. म्हणण्यात तथ्य आहे, मलाही तोडफोड एकदाच झालेली हवीय. पण ती भिंत नुसती आडोशाची आहे की माळा तिच्यावर बसलाय, हे आम्हाला सांगता येत नाही. ठोकून पाहिली, कुठे पोकळ आवाज येतो, कुठे भरीव.

शिवाय वायरिंग. अर्ध्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी वायर, अर्ध्यात नंतर कोणी कोणी जोडत नेलेली. बोर्डावर तीन भोकांची सॉकेट आहेत, पण इलेक्ट्रिशियनने एक उघडून दाखवलं तर अर्थिंगची वायरच नाही, तिसरं भोक शोभेचं. आणि नळाला सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं.

तर, ओल नेमकी कुठून येते हे घरच्या घरी कसं ओळखायचं? भिंतीचा निर्णय कोणाला विचारून घ्यायचा? आणि सगळं होईपर्यंत भाड्याच्या घरातच थांबावं की एकेक खोली करत तिकडे राहायला जावं? दोन्हीकडचा खर्च आता जड जातोय. 'जुनं घर घ्यायलाच नको होतं' हा सल्ला कृपया नको, तो नातेवाइकांकडून मुबलक मिळालाय.

प्रतिसाद १

ताई, निम्मं उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. बाहेरची फरशी आतल्या जमिनीपेक्षा वर आणि पन्हळीचं पाणी त्याच कोपऱ्यात! बाहेरची जमीन घरातल्या जमिनीपासून निदान सहा इंच, म्हणजे १५० मिलिमीटर खाली हवी आणि तिचा उतार घरापासून दूर जाणारा हवा. तुमच्याकडे भिंतीचा पायथा अडकलेल्या पाण्यात उभा आहे.

तरी खात्री करून घ्या. घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. भिंतीवर ओलीच्या जागी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि एक-दोन दिवसांनी काढा. खोलीच्या बाजूला दव धरलं असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय, म्हणजे दुखणं वायुवीजनाचं. भिंतीच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय. दुसरं, घरातले सगळे नळ बंद करून रात्री पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी तो पुढे सरकलेला असेल तर कुठेतरी पाइप गळतोय, मग आधी तो शोधा.

आता गिलाव्याबद्दल. चुन्यात बांधलेली जाड भिंत पाणी थोडंफार शोषते आणि हवेत सोडून देते. त्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढवलं की सोडायची वाट बंद होते. मग पाणी वर चढत राहतं आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेर पडतं. पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या आणि गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि वरचा थर ढकलून काढतात. तुम्ही नखाने फोडताय ते फुगे हेच. म्हणून पुन्हा सिमेंट लावणं म्हणजे तापलेल्या पातेल्यावर झाकण आणखी घट्ट दाबणं.

ओलीच्या कडेपासून फूटभर वरपर्यंत सगळा गिलावा काढून टाका. क्षार मुरलेला गिलावा हवेतली आर्द्रताही ओढून घेतो, त्यामुळे तो ठेवला तर पाणी थांबल्यावरही भिंत ओलसरच दिसेल. क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि पूड गोळा करून बाहेर टाका. धुतलेत तर विरघळून परत आत जातील. मग भिंत वाळू द्या. ठोकताळा असा की इंचभर जाडीला महिनाभर. तुमच्या जाड भिंतीला वर्ष लागलं तरी घाबरू नका. शेवटी चुना आणि वाळूचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. जिप्सम बोर्डवाल्यांना नमस्कार करा.

प्रतिसाद २

इतका व्याप कशाला? आमच्या बेडरूमच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग केमिकल आणि सिमेंटचाच गिलावा केला होता, आजतागायत एक डाग नाही.

प्रतिसाद १

तुमचं घर सिमेंटमध्ये बांधलेलं आहे का? आणि ओल वरून आली होती की खालून?

प्रतिसाद २

हो, आरसीसी. गच्चीतून गळत होतं, गच्चीचं काम केल्यावर थांबलं.

प्रतिसाद १

मग ते केमिकलने नाही, गच्चीच्या कामाने थांबलं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, पण सामान्य घरांपर्यंत ते पोचायला पुढे बराच काळ गेला. तोवरच्या भिंती चुन्यात उभ्या राहिल्या आणि त्यांची तब्येत वेगळी असते. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. भोकं पाडून रसायन भरायचा उपायही बाहेरची पातळी खाली आणल्यावरच विचारात घ्या. बहुतेकदा त्याची गरजच उरत नाही.

प्रतिसाद ३

मी स्ट्रक्चरलमध्ये काम करतो म्हणून फक्त मधल्या भिंतीबद्दल बोलतो.

ठोकून काही कळत नाही. पोकळ आवाजाचा अर्थ तिथला गिलावा विटेपासून सुटलाय, एवढाच. माळ्यावर जा आणि तुळया कोणत्या दिशेने जातात ते बघा. तुळया या भिंतीला आडव्या जात असतील आणि त्यांची टोकं किंवा जोड बरोबर तिच्या डोक्यावर येत असतील, तर भिंत भार घेतेय. भिंत अर्ध्या विटेची आहे म्हणून ती आडोशाचीच असेल असं धरून चालू नका. अशा पातळ भिंतीवर वर्षानुवर्षं तुळई टेकलेली मी पाहिली आहे. आणि समजा भार घेत नसली, तरी लांबलचक बाहेरच्या भिंतीला ती मधे आधार देत असू शकते. म्हणून इंजिनिअरला घर दाखवा, काय काढायचं, आधी टेकू कुठे द्यायचे आणि वर कोणती तुळई किती टेकवून बसवायची हे लेखी आणि आकृतीसह घ्या. 'पाडून बघू, काही होत नाही' म्हणणाऱ्याच्या हातात घण देऊ नका.

माळ्यावर गेलातच तर स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं, कारण ओल तिथे पोचते आणि वारा पोचत नाही. त्या टोकाला टोचून बघा. पातं सहज आत गेलं तर तो भाग गेलाय. मागच्या ओल्या भिंतीवर टेकलेली टोकं तर नक्कीच तपासा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, बारीक गोल भोकं आणि खाली पिठूळ भुसा दिसला तर लाकूड पोखरणारे भुंगे. दोघांचे उपाय वेगळे.

भिंतींना तडे आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. गिलाव्यातल्या केसासारख्या रेघांचं टेन्शन घेऊ नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी जाणारा, पाच मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा वाढत जाणारा तडा इंजिनिअरला आवर्जून दाखवा.

धागाकर्ती

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो फॉइल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन निघालाय. वायरिंगबद्दल कोणी सांगेल का? इलेक्ट्रिशियन म्हणतो सध्या नुसता आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, बाकी सावकाश करू.

प्रतिसाद ४

आरसीसीबी बसवाच, ३० मिलिअँपिअरचा. माणसाला शॉक लागला तर जीव वाचवणारी वस्तू ती आहे. एमसीबी फक्त जास्तीचा भार आणि शॉर्टसर्किट बघतो, त्याला तुमची काळजी नसते. अर्थिंगची वायर नसली तरी आरसीसीबी काम करतो, कारण तो जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो. पण म्हणून तो अर्थिंगची जागा घेत नाही.

जुन्या वायरवर बसवलात की तो वारंवार पडेल, हे आधीच सांगून ठेवतो. मग कोणीतरी म्हणेल, हा खराब आहे, काढून टाका. काढू नका. लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरीचं रबराचं आवरण कडक होऊन तडकतं, त्यातून करंट गळतो, तेच तो दाखवत असतो. संपूर्ण वायरिंग नवं करणं हाच इलाज. कुठे जुन्या अ‍ॅल्युमिनियमला तांब्याची वायर पिळून जोडलेली दिसली तर तो जोड पहिला काढा, असे जोड तापतात.

तांबूस पाणी म्हणजे जुने लोखंडी जीआय पाइप आतून गंजलेत. वायरिंग आणि पाइप, दोन्हीसाठी भिंती कोराव्या लागतात, तेव्हा हे गिलाव्याच्या आधी, एकत्र काढा. नवे पाइप भिंतीत बुजवण्याआधी दाब देऊन तपासून घ्या, आणि उघड्या भिंतींचे टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना दुवा द्याल.

प्रतिसाद ५

राहायला जायचं की नाही याबद्दल. आम्ही दोघं राहिलो होतो, अनुभवाने सांगते: एक झोपायची खोली आणि एक संडास-बाथरूम पूर्ण झालं की जा, त्याआधी नको. त्या खोलीत एकही पिशवी सिमेंट ठेवू द्यायची नाही, कितीही गळ घातली तरी. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर किमान २४ तास पाणी भरून ठेवून खालून आणि बाजूने बघा, मगच फरशी. बजेटमधले १५ ते २० टक्के बाजूला ठेवा. ते संपणारच, फक्त कशावर ते आज कळत नाही.

आणि जुने रंगाचे थर कोरडे घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं (अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली तीसुद्धा १९७८ साली). ओलं करून खरवडायचं, चांगला मास्क लावायचा, आणि घरात लहान मूल किंवा कोणी गरोदर असेल तर ते काम होईपर्यंत तिकडे फिरकायचंही नाही. मागे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर तेही फोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

धागाकर्ती

थेंब फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला आले. मीटर जागेवरच होता. तुळया मधल्या भिंतीला आडव्याच जातात आणि दोन तुळयांचे जोड तिच्यावरच येतात, त्यामुळे इंजिनिअर येईपर्यंत त्या भिंतीला हात लावायचा नाही हे ठरलं. ओल्या भिंतीवरच्या एका तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. तेही इंजिनिअरला दाखवणार.

आधी बाहेरची फरशी उखडायची, पन्हळीचा पाइप लांब न्यायचा, आतला सिमेंटचा गिलावा उतरवायचा. भिंत वाळतेय तोवर वायरिंग आणि पाइप. नवरा खूश आहे, त्याला फोडायला काहीतरी मिळालं. भाड्याचं घर समोरची खोली आणि बाथरूम होईपर्यंत ठेवतोय.

शेवटचा प्रश्न: फरशी काढल्यावर भिंतीलगतच्या पट्टीत काय भरायचं? खडी की नुसती माती?

प्रतिसाद १

माती उतरवून पातळी सहा इंच खाली घ्या, भिंतीपासून बाहेर उतार द्या, वर फूट-दीड फूट रुंदीत खडी. खडीवर पडणारं पाणी भिंतीवर उडत नाही. पण खडीखाली उतार नसेल तर तीच पट्टी पाणी साठवेल, म्हणून उतार आधी. चर खणायचा झाला तर पाया कुठपर्यंत आहे ते इंजिनिअरला विचारूनच. पायाच्या तळाखाली जाऊ नका, आणि एका वेळी सगळी लांबी न उघडता थोडी थोडी उघडा.