कॉन्व्हेक्सच्या मागे कॉन्केव्ह लेन्स ठेवली की यू प्लस का होतो?

अर्धा_प्रकाश:
गणित असंय की २० सेमी फोकल लेंथची कॉन्व्हेक्स (किरण जुळवणारी) लेन्स, तिच्यापुढे ३० सेमीवर ऑब्जेक्ट, आणि पलीकडच्या बाजूला ४० सेमीवर ३० सेमी फोकल लेंथची कॉन्केव्ह (किरण पसरवणारी) लेन्स. फायनल इमेज कुठे? पहिली इमेज ६० वर येते, तिथपर्यंत ठीक. म्हणजे ती कॉन्केव्हपासून २० सेमी, मग मी यू (लेन्सपासून ऑब्जेक्टचं अंतर) = −२० टाकला कारण ऑब्जेक्टचं अंतर कायम मायनस असंच डोक्यात बसलंय, तर व्ही (इमेजचं अंतर) आला −१२. उत्तर आहे +६० 😐 सोल्युशनमध्ये नुसतं 'व्हर्च्युअल ऑब्जेक्ट, यू = +२०' लिहून मोकळे. जी इमेज तिथे झालीच नाही ती ऑब्जेक्ट कशी काय होते? आणि कॉन्केव्ह लेन्स रिअल (पडद्यावर पडणारी) इमेज देतच नाही ना?

तिरपा_किरण:
उजवीकडे आहे म्हणून प्लस. प्रकाश ज्या दिशेने चाललाय त्या दिशेला मोजलं की प्लस, उलट मोजलं की मायनस, मग यू असो नाहीतर व्ही. विषय संपला.

लॅब_असिस्टंट:
वरचं बरोबर आहे पण तेवढ्याने याचं समाधान होणार नाही, कारण तो 'का' विचारतोय.

हे बघ, साध्या गणितात ऑब्जेक्टपासून निघालेले किरण पसरत पसरत लेन्सवर येतात, तेव्हा यू मायनस. इथे कॉन्व्हेक्सने त्यांना आधीच आत वळवलंय, ते ६० च्या पॉइंटकडे निघालेत आणि वाटेत ४० वर ही कॉन्केव्ह आडवी आली. तिच्यावर पडणारे किरण पसरणारे नाहीत, जवळ येणारे आहेत. लेन्सला मागचं काहीच माहीत नसतं, तिला फक्त आलेले किरण पसरतायत की जुळतायत आणि किती, एवढंच कळतं. ते पुढे २० सेमीवर जुळणार होते म्हणून +२०. इमेज खरंच तिथे झाली की नाही याने काही फरक पडत नाही.

आता टाक, कॉन्केव्हची फोकल लेंथ −३० धरून: १/व्ही = १/यू + १/फोकल लेंथ = १/२० − १/३० = १/६०. व्ही +६०, म्हणजे रिअल. मॅग्निफिकेशन पहिल्या लेन्सचं −२, दुसरीचं ६०/२० = ३, एकूण −६, उलटी आणि सहापट.

'कॉन्केव्ह रिअल इमेज देत नाही' हे फक्त रिअल ऑब्जेक्टसाठी खरं, पण हा अर्धा भाग कोणी सांगतच नाही. प्रॅक्टिकलमध्ये कॉन्केव्हची फोकल लेंथ काढताना सोबत कॉन्व्हेक्स का देतात वाटतं? एकट्या कॉन्केव्हची इमेज पडद्यावर घेताच येत नाही म्हणून.

तिरपा_किरण:
पॉवरने (१ भागिले मीटरमधलं अंतर, एकक डायॉप्टर) तर अजून सोपं. २० सेमीवर जुळणारे किरण म्हणजे +५ डायॉप्टर, कॉन्केव्हची पॉवर −३.३३, उरले +१.६७, म्हणजे ६० सेमी. मायनस-प्लसची कटकटच नाही. (सेमीचं मीटर करायला विसरू नका पण 😄)

अर्धा_प्रकाश:
ओके म्हणजे किरण जुळत येतायत की पसरत येतायत ते आधी बघायचं. मग कॉन्केव्ह ४० ऐवजी ७० वर ठेवली तर? तेव्हा ६० वर इमेज खरंच होऊन जाते ना

लॅब_असिस्टंट:
हो, तेव्हा किरण ६० ला जुळून परत पसरायला लागलेले असतात आणि तसेच लेन्सवर येतात, म्हणून यू = −१०, व्ही = −७.५, इमेज व्हर्च्युअल. तुझा नेहमीचा मायनस इथे चालतो. आता कॉन्केव्ह बरोब्बर ३० वर ठेवून करून बघ. १/व्ही शून्य आला तर खोडू नकोस, किरण समांतर बाहेर पडतायत. ३० च्याही अलीकडे सरकवलीस तर यू प्लसच राहतो पण इमेज व्हर्च्युअल होते, आणि परीक्षेत नेमकं हेच विचारतात.